भाकिताची तारीख लिहून ठेव

अगं, तुझा एवढा मोठा मेसेज वाचला. आयटीतली नोकरी सोडायची, फ्युचरिस्ट व्हायचं, तंत्रज्ञान कुठे चाललंय आणि धंद्यानं त्यासाठी काय करावं यावर व्यासपीठावरून बोलायचं. उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या वेळात आईनं मावशीला फोनवर 'धाकटी आता भविष्य सांगणार' असं कळवून टाकलं, आणि मावशीनं नातवाची पत्रिका शोधून ठेवली. ते निस्तरत होते.

हसू नकोस. मावशी अगदीच चुकलेली नाही. या धंद्यात माणूस हळूहळू ज्योतिषी होऊन बसतो आणि त्याच्या ते लक्षातही येत नाही. परिषदा, डीलर मीट, कंपन्यांच्या वार्षिक बैठका भरवणं हे माझं काम. वक्ते शोधायचे, फीवरून घासाघीस करायची, कॉलर माइक लावून त्यांना स्टेजवर सोडायचं. त्यामुळे ही मंडळी मी विंगेतून पाहिलीत. फेसबुकनं 2021 च्या ऑक्टोबरात कंपनीचं नाव मेटा केलं, आणि पुढचं वर्षभर ज्याच्या त्याच्या स्लाइडवर मेटाव्हर्स. बँकेची शाखा मेटाव्हर्समध्ये, लग्न मेटाव्हर्समध्ये, सिमेंटचे डीलरसुद्धा मेटाव्हर्समध्ये. 2022 च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं. मग तेच वक्ते, तोच निळा ब्लेझर, तोच ठाम आवाज, आणि स्लाइडवर एआय. 'गेल्या वर्षी मी जे सांगितलं त्याचं काय झालं' हा विषय एकानंही काढला नाही. समोरच्यांनी विचारलंही नाही, जेवायची वेळ झाली होती.

तू या कामात यावंस असं मला मनापासून वाटतं. तुझं वाचन आहे, मुद्दा सोपा करून सांगायची हातोटी आहे, आणि बॉससमोर 'हे मला पटत नाही' म्हणायचं धाडस आहे. पण त्या ब्लेझरवाल्यांसारखी येऊ नकोस, एवढंच.

2008 साली आपल्या पुण्यात जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती, आठवतं? अंधश्रद्धा निर्मूलन समिती बरोबर होती, विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ होते. 100 हुशार मुलांच्या आणि 100 बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका जमवल्या, आणि ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका देऊन म्हटलं, यातली कोणती कुणाची ते सांगा. 27 जणांनी उत्तरं पाठवली. नुसतं नाणं उडवलं असतं तरी 20 बरोबर आली असती. या मंडळींची सरासरी त्याच्याही खालीच राहिली. मला त्या प्रयोगात ज्योतिषांच्या फजितीपेक्षा मांडणी आवडते: आधी लिहून द्या, मग मोजू.

तू म्हणशील, आम्ही अभ्यास करून बोलतो. फिलिप टेटलॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं अभ्यास करून बोलणाऱ्यांचीच परीक्षा घेतली. 284 तज्ज्ञ, 80 हजारांवर भाकितं, आणि जवळजवळ वीस वर्षांचा पाठपुरावा. त्याचं पुस्तक 2005 मध्ये आलं. या विद्वानांची सरासरी कामगिरी डोळे मिटून उत्तर देणाऱ्याच्या फार पुढे नव्हती. त्यातही जे वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर जास्त झळकायचे, त्यांची भाकितं जास्त चुकायची. हे दोनदा वाच, कारण तू नेमकी तिकडेच निघालीयस. प्रेक्षकांना एकच मोठी कल्पना ठासून सांगणारा आवडतो. 'एका बाजूनं असं, पण दुसऱ्या बाजूनं तसं' म्हणणारा आवडत नाही, पण बरोबर ठरायची शक्यता त्याचीच जास्त. म्हणजे टाळ्या एकीकडे आणि अचूकपणा दुसरीकडे, आणि तुला दोन्ही सांभाळायचंय.

तरी कंपन्या पैसे मोजतात. कशाचे? वरवर पाहिलं तर भाकिताचे. पण मी इतक्या वर्षांत पाहिलंय ते असं, की त्यांचा एखादा निर्णय अडलेला असतो आणि तो मोकळेपणानं बोलायला त्यांना बाहेरचं माणूस हवं असतं.

यासाठी तू फ्युचरिस्ट लेखक टॉफलरच्या आधी पिएर वाकला वाच. हा फ्रेंच माणूस लंडनला शेल तेल कंपनीच्या नियोजन विभागात होता. 1972 मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कंपनीच्या बड्या साहेबांपुढे उद्याची चित्रं मांडली, एक नाही, अनेक. त्यात एक असं होतं की तेल उपसणारे देश एक दिवस हात आखडता घेतील आणि किमती भडकतील, कारण जास्त तेल उपसण्यात त्यांचा फायदा उरलेला नाही. 1973 च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटलं आणि पिंपाला सुमारे 3 डॉलर असलेला भाव काही महिन्यांत 12 डॉलरच्या घरात गेला. शेलला इतर तेल कंपन्यांच्या मानानं लवकर सावरता आलं. आता सगळे ही गोष्ट 'वाकनं तेलसंकट ओळखलं' अशी सांगतात. त्यानं ना युद्धाचं भाकीत केलं होतं, ना तारीख दिली होती. पुढे 1985 मध्ये त्यानं हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत दोन लेख लिहिले. त्यांतलं दुखणं वाचण्यासारखं आहे: लोक सादरीकरण ऐकतात, भारावतात, आणि खुर्चीवर परतल्यावर काल वागत होते तसंच वागतात. म्हणून त्याचं म्हणणं असं की तुमचं खरं काम साहेबाच्या डोक्यातलं जगाचं चित्र हलवण्याचं आहे. ते हललं नाही तर तुमचा अहवाल शोभेचा.

त्याच लेखांत एक दाखला आहे, तो चक्क आपल्या गंगेचा. वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस झाला, तर दोन दिवसांत ऋषिकेशला काय होणार, मग अलाहाबादला, मग बनारसला, हे सांगायला अंतर्ज्ञान लागत नाही. पाणी आधीच पडलंय, ते फक्त वाटेत आहे. सांगलीकरांना हे शिकवावं लागत नाही. कोयनेतून विसर्ग वाढला की ते आयर्विन पुलाजवळची पातळी पाहायला लागतात. तुझ्या कामातला निम्मा भाग हाच, पडून गेलेला पाऊस शोधायचा. आज शाळेत किती मुलं आहेत, कोणता कायदा मंजूर होऊन अंमलाची वाट बघतोय, बॅटरीच्या कोणत्या कारखान्याचं बांधकाम सुरू झालंय. हे कंटाळवाणं वाटेल, पण यावर तू ठामपणे बोलू शकतेस. उरलेल्या निम्म्यावर बोलताना 'जर' हा शब्द गिळू नकोस.

चाकणचे एक कारखानदार मला नेहमी आठवतात. इंजिनाचे सुटे भाग बनवणारे. एका परिषदेत वक्त्यानं 2040 चं जग दाखवलं. विनाचालक गाड्या, उडत्या टॅक्स्या, सगळं. हे गृहस्थ चहाच्या टेबलाशी मला म्हणाले, 'मॅडम, ते सगळं छान हो, पण मी नवं मशीन घेतोय, सात वर्षांचं कर्ज आहे. घेऊ का नको?' बघ, या माणसाचं भविष्य सात वर्षांचं आहे आणि त्याला हप्ता आहे. त्याला उडत्या टॅक्सीचं काय! त्याच्याशी अर्धा तास बसून विचारायला हवं होतं: तुमच्या मालातलं फक्त इंजिनात काय जातं आणि इलेक्ट्रिक गाडीलाही लागेल असं काय आहे, म्हणजे ब्रेकचं, सस्पेन्शनचं? गिऱ्हाईक पुढच्या किती वर्षांच्या ऑर्डरचं बोलतंय? हे मशीन उद्या पंपाचे किंवा ट्रॅक्टरचे भाग करायला वळवता येईल का? आणि कोणत्या तीन गोष्टी घडल्या तर तुम्ही समजायचं की आता थांबून चालणार नाही? या प्रश्नांना टाळ्या पडत नाहीत. पण तो माणूस पुढच्या वर्षी तुला स्वतःहून बोलावील, आणि भाषणाला नाही, बोर्डाच्या बैठकीला.

म्हणजे भाषण ही या धंद्याची दर्शनी बाजू, पोट भरतं बंद खोलीतल्या कामावर. एमी वेबची वाटचाल यासाठी बघ. मूळची पत्रकार. जपान, हाँगकाँगमध्ये काम केलेली. 2006 मध्ये तिनं स्वतःची संस्था काढली, आणि वर्षानुवर्षं तंत्रज्ञानाच्या प्रवाहांचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध करत राहिली, तोही फुकट. ऑस्टिनच्या एसएक्सएसडब्ल्यू महोत्सवात ती तो मांडायची तेव्हा लोक रांगा लावायचे. फुकट अहवालावरून ओळख, ओळखीवरून भाषण, भाषणावरून सल्ल्याचं काम. शिवाय न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणं आणि पुस्तकं. रातोरात काही झालेलं नाही. तुला पहिल्या वर्षापासून एवढा ग्रंथ काढायला मी सांगत नाही. एक क्षेत्र घे. वाहन उद्योग घे, सहकारी बँका घे, नाहीतर साखर आणि इथेनॉल. त्यातलं काय बदलतंय ते वर्षातून एकदा मराठीत आणि इंग्रजीत वीस पानांत लिही. 'टेक्नॉलॉजीचं भविष्य' या विषयावर बोलणारे पोत्यानं आहेत, आणि आता तसलं गुळगुळीत प्रेझेंटेशन एआय दोन मिनिटांत करून देतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत उभं राहून कामगाराला प्रश्न विचारून आलेलं कुणी असेल, तर तिच्या बोलण्याला किंमत आहे.

टॉफलरचंही सांगते, कारण तू मेसेजमध्ये त्याचं नाव घेतलंस. 'फ्युचर शॉक' हे त्याचं पुस्तक 1970 चं, 'थर्ड वेव्ह' 1980 चं. पण तो आणि त्याची बायको हायडी तरुणपणी काही वर्षं कारखान्यांत मजुरी करत होते, हे फार लोक सांगत नाहीत. कारखान्यातलं युग संपत चाललंय असं म्हणणाऱ्यानं स्वतः वेल्डिंग केलं होतं! पुढे पत्रकारिता, फॉर्च्यून मासिक, मग एटी अँड टीसारख्या कंपनीला सल्ला. आणि हायडी? विचार, संशोधन, संपादन, सगळ्यात बरोबरीनं. तो स्वतः तसं म्हणायचा. तरी त्या गाजलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर नाव त्याचं एकट्याचं. 1993 च्या 'वॉर अँड अँटी-वॉर'वर दोघांची नावं आली. तू आत्ताच्या नोकरीत साहेबांची प्रेझेंटेशनं करून देतेस ना? मला माहीत आहे कुणाच्या नावावर जातात ती. इथे तसं चालवून घेऊ नकोस. अहवालावर, स्लाइडच्या कोपऱ्यात, लेखावर, सगळीकडे तुझं नाव.

बाई म्हणून आणखी एक. 8 मार्चला तुला सगळे बोलावतील. विषय 'महिला आणि तंत्रज्ञान', मानधन म्हणून शाल आणि रोपटं. एखादं कर, ओळखी होतात. पण त्याच आयोजकाला पुढच्याच वाक्यात विचार, 'तुमच्या मुख्य परिषदेत स्ट्रॅटेजीवर कोण बोलतंय?' बाई म्हणून बोलावणं आणि तज्ज्ञ म्हणून बोलावणं यांत फीचा फरक असतो, हे मी दोन्ही पाकिटं भरणारी आहे म्हणून सांगते.

पैशाचं बोलूनच घेऊ, तू ते टाळशील. वक्त्यांच्या एजन्सीतर्फे आलीस तर फीमधला साधारण पाव हिस्सा तिचा, कधी जास्तही. फीमधून 10 टक्के टीडीएस कापला जाईल, तो विवरणपत्रात धरायचा. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी आणि बिलावर 18 टक्के. फी ठरवताना 'अधिक जीएसटी' हे शब्द मेलमध्ये असू देत, नाहीतर तुझ्याच खिशातून जातील. आणि उद्यम नोंदणी आधी कर. छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करायचे असं 2006 चा कायदा सांगतो. सगळे पाळतात असं नाही, पण बिलावर उद्यमचा नंबर दिसला की अकाउंट्सवाले जरा लवकर हलतात. अर्धी रक्कम तारीख ठरतानाच घ्यायची. गोव्याच्या डीलर मीटला बोलावलं तर वेळ विचारून घे. जेवणानंतरची असेल तर समोरचे अर्धे समुद्राकडे बघत असतात, तिथे तुझी आकडेवारी कामाची नाही, गोष्ट लागते.

एक मात्र सांभाळ. परिषदेचा प्रायोजक कोण आहे ते बघ. क्लाउड विकणारी कंपनी पैसे देतेय आणि विषय 'क्लाउडशिवाय तरणोपाय नाही' असा सुचवलाय, तर तू वक्ती नाहीस, जाहिरात आहेस. घ्यायचं तर घे, घर चालवायचंय. पण व्यासपीठावरून प्रायोजक सांगून टाक, आणि तुझ्या वार्षिक अहवालात त्याचा शब्द येऊ देऊ नकोस.

आता भाकितांसाठी एक वही घाल. हे मी तुझ्याकडून करवून घेणार आहे. जे जे भाकीत करशील ते तारखेसह लिही, मुदत लिही, आणि किती टक्के खात्री आहे तेही. 'लवकरच', 'येत्या काळात', 'मोठ्या प्रमाणावर' हे शब्द वहीत बंद, कारण ते कधी चुकूच शकत नाहीत. 'डिसेंबर 2027 पर्यंत अमुक होईल, 70 टक्के' असं हवं. मग हिशेब सोपा आहे, ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञानं 1950 मध्येच करून ठेवलाय. गोष्ट घडली तर 1 वजा 0.7, म्हणजे 0.3, त्याचा वर्ग 0.09. नाही घडली तर 0.7 चा वर्ग, 0.49. आकडा जितका लहान तितकी तू चांगली. प्रत्येक वेळी 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणणाऱ्याला कायम 0.25 मिळतो, वर्षाअखेर तुझी सरासरी त्याच्या वर असेल तर गप्प बसलेलं बरं. दरवर्षी भाषणाची पहिली पाच मिनिटं या वहीला दे. काय बरोबर आलं, काय नाही, आणि नाही आलं ते का.

घाबरतेस ना, लोक काय म्हणतील म्हणून? बॉब मेटकाफ ऐकलायस? ईथरनेट ज्यानं शोधलं तो. 1995 च्या डिसेंबरात त्यानं आपल्या स्तंभात लिहिलं की 1996 मध्ये इंटरनेट कोसळणार. नाही कोसळलं तर शब्द गिळीन, असंही तो म्हणाला. नाही कोसळलं. 1997 मध्ये वर्ल्ड वाइड वेबच्या परिषदेत, भरल्या सभेत, त्यानं तो छापील स्तंभ पाणी घालून मिक्सरमधून काढला आणि खाल्ला. लोकांनी डोक्यावर घेतलं त्याला. पुढे ट्युरिंग पुरस्कारही मिळाला, ईथरनेटसाठी. तुला कागद खायला लावणार नाही मी. पण आमच्या क्षेत्रात 'माझं हे चुकलं' असं स्वतःहून सांगणारी वक्ती आली, तर मी तिला पुन्हा बोलावीन आणि चार जणांना नंबर देईन. इतकी ती दुर्मीळ आहे.

आणि गोल आकड्यांपासून सांभाळ. 2020 हे साल सगळ्यांचं लाडकं होतं. डॉ. कलाम आणि टायफॅक या सरकारी संस्थेचं 'टेक्नॉलॉजी व्हिजन 2020' तरी गंभीर काम होतं, पण त्याच्या मागोमाग कंपन्या, महापालिका, शाळा, जो तो व्हिजन 2020 काढत होता. ते साल आलं तेव्हा आपण बाल्कनीत थाळ्या वाजवत होतो. साथ येऊ शकते हे साथरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत होते बरं का, पडून गेलेल्या पावसासारखंच. गोल आकड्याच्या स्लाइडवर ती बसत नव्हती.

शिकायचं असेल तर ह्यूस्टन विद्यापीठात फोरसाइटचा, म्हणजे भविष्याच्या अभ्यासाचा, मास्टर्स आहे, हवाईच्या विद्यापीठात त्याच अभ्यासाची जिम डेटरनं उभी केलेली परंपरा आहे. डेटरची एक सवय उचल: कुठल्याही विषयाची चार चित्रं काढायची. वाढ चालूच राहिली तर, कोसळलं तर, बंधनं घालून सांभाळावं लागलं तर, आणि सगळंच पालटलं तर. चाकणच्या त्या गृहस्थांच्या कारखान्यावर ही चार चित्रं काढून बघ, म्हणजे पदवी आधी की अनुभव आधी हे तुझं तुलाच ठरवता येईल. मला विचारशील तर कर्ज काढून परदेशी जायची घाई नको.

राजीनामा इतक्यात टाकू नकोस. ऑफर लेटरमध्ये बाहेरच्या कामाबद्दलचं कलम काय म्हणतंय ते वाच, एचआरकडून लेखी परवानगी मिळते का बघ, आणि सुट्टीच्या दिवसांची भाषणं करून पाहा. नाशिकला सुट्या भागांच्या छोट्या कारखानदारांची बैठक भरवतेय पुढच्या महिन्यात. चाळीसेक माणसं, मानधन यथातथाच, हॉल बिनएसीचा. तुझं नाव पुढे करू का? हो म्हणत असशील तर आधी त्यांच्यातल्या तिघा-चौघांना फोन करून त्यांचं काय अडलंय ते विचार, नंबर मी पाठवते. स्लाइड त्यानंतर.